कस्टम लेदर जॅकेट शिवायला टाकताय? आधी अस्तर ठरवा, मग रंग

कस्टम जॅकेट करायचं ठरलं की बहुतेक लोक मोबाईलवर फोटो बघत बसतात, काळा की ब्राऊन, ब्राऊन की टॅन, घरात सगळ्यांना विचारून होतं, ग्रुपवर पोल टाकून होतो, आणि अस्तराचा विषय निघाला की "टाका काहीतरी काळं सॅटिन" म्हणून मोकळे होतात. माझ्या मते क्रम उलटा पाहिजे. रंग बदलला तर जॅकेट फक्त वेगळं दिसतं, पण अस्तर बदललं तर ते अंगावर वेगळं बसतं, जास्त किंवा कमी गरम होतं, आणि मुख्य म्हणजे मापंच बदलतात. मापं देऊन झाल्यावर "अहो, आत जरा क्विल्टेड टाकाल का" असं म्हणालात तर जॅकेट छातीत आवळणार हे नक्की.

तर पहिला प्रश्न, हे जॅकेट घालणार कुठे? बाईकवर, थंडीत फिरायला, ऑफिसात एसीमध्ये, की संध्याकाळी बाहेर जाताना तासभर? एकच उत्तर निवडा, जे सगळ्यात जास्त वेळा होणार आहे ते. "सगळीकडे" हे उत्तर दिलंत की मधलंच काहीतरी बनतं, थंडीत पुरत नाही आणि उकाड्यात काढून हातात धरावं लागतं.

अस्तर नक्की करतं काय

अस्तराचं काम नुसतं आतली शिलाई झाकायचं नाहीये. लेदरची आतली बाजू खरबरीत असते, तिचे बारीक तंतू शर्टाला लागतात, आणि ती कापडावर घसरत नाही, त्यामुळे अस्तर नसलेल्या जॅकेटमध्ये हात घालताना शर्टाची बाही वर कोपरापर्यंत गोळा होते. शिवाय घाम. लेदर धुता येत नाही, म्हणून घाम आधी अस्तराने घ्यायचा असतो. काख, मानेचा मागचा भाग, मनगट, अस्तर फाटतं ते बहुतेक इथेच, आणि ते फाटणं काही वाईट नाही, अस्तर बदलता येतं. चांगलं लेदर वर्षानुवर्षं टिकतं आणि त्या काळात अस्तर एकदा-दोनदा नवीन टाकावं लागतं, हे धरूनच चाला.

आता सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. बाहीचं अस्तर आणि अंगाचं अस्तर एकच असायला हवं असा कुठलाही नियम नाही. बाहीत नेहमी गुळगुळीत काहीतरी टाका, व्हिस्कोस, सॅटिन, ट्विल (तिरक्या विणीचं कापड, पण सुती नव्हे), जे सरकेल ते. अंगात मग सुती, फ्लॅनेल, क्विल्टेड, काय हवं ते चालतं. फ्लॅनेलची बाही दुकानात हाताला फार भारी लागते, पण स्वेटरवर जॅकेट चढवायला गेलात की हात मध्येच अडकतो आणि मग रोजची ओढाताण. चांगले कारागीर हे स्वतःहून विचारतात, न विचारणाऱ्याला तुम्ही सांगा.

कापडं कोणकोणती

पॉलिस्टर सगळ्यात जास्त दिसतं. मजबूत, स्वस्त, रंग पक्का, हजार प्रिंट मिळतात. तोटा एकच पण मोठा, ते घाम शोषत नाही, त्यात लेदरमधून हवा फारशी खेळत नाही, म्हणजे जरा चाललात की पाठ चिकट. कोरड्या हवेत चटचट स्टॅटिक पण होतं. जॅकेट फक्त थंडीत आणि थोड्या वेळासाठी असेल तर पॉलिस्टर घ्या, उगाच नाक मुरडू नका.

व्हिस्कोस, म्हणजे आपण ज्याला रेयॉन म्हणतो, ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं, घाम घेतं, अंगाला थंड लागतं आणि घसरतंही छान. त्याचा वीक पॉइंट म्हणजे ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते, म्हणून काखेत ते आधी जातं. ज्यांना खूप घाम येतो त्यांनी व्हिस्कोस घ्यायला हरकत नाही, पण काखेत आतून एक जास्तीचा तुकडा लावून घ्या, बदाम किंवा अर्धगोल आकाराचा, नंतर तेवढाच उसवून बदलता येतो.

क्युप्रो मिळत असेल आणि बजेट असेल तर माझी पसंती त्याला. सरकीला चिकटून राहिलेल्या बारीक तंतूंपासून ते बनवतात, रेशमासारखं घसरतं, घाम शोषतं आणि स्टॅटिक फार कमी. अ‍ॅसिटेट दिसायला सुंदर, चमक एकदम श्रीमंती, पण घासून लवकर झिजतं आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन सांडलं तर कापडाला भोकच पडतं. रोजच्या जॅकेटला नको.

रेशीम ऐकायला भारी वाटतं. 1931 साली अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाने वैमानिकांसाठी ए-2 हे लेदर जॅकेट मंजूर केलं, त्याचं अस्तर सुरुवातीला रेशमी ठरवलेलं होतं, पुढे ते सुती झालं. घामाने रेशीम कमजोर होतं, डाग पडतात, आणि रोज घालायच्या वस्तूला सुती कापड जास्त झेपतं. त्यामुळे रेशमाचा हट्ट असेल तर अंगात टाका, बाहीत आणि काखेच्या आसपास नको.

सुती ट्विल किंवा ड्रिल घसरत नाही पण टिकतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खिशाची आतली पिशवी याचीच करून घ्या. अस्तराच्याच पातळ कापडाची खिशाची पिशवी शिवली की किल्ल्या चारच महिन्यात तिला भोक पाडतात आणि मग नाणी अस्तराच्या आत जॅकेटभर फिरत राहतात.

क्विल्टेड म्हणजे दोन कापडांच्या मध्ये फायबरचा पातळ थर टाकून चौकोनी किंवा समोशासारखी टीप मारलेलं अस्तर. थंडीसाठी मस्त. पण जाडी मोजून घ्या, कारण हा थर जॅकेटच्या आतली जागा खातो, छातीत 2 ते 4 सेंमी सहज, आणि बाहीत टाकला तर हात वाकवताना कळतं. मला विचाराल तर अंगात क्विल्टेड आणि बाहीत साधं गुळगुळीत, किंवा फारच थंडी असेल तर बाहीत सगळ्यात पातळ क्विल्ट. शेर्पा म्हणजे तो मेंढीच्या लोकरीसारखा दिसणारा सिंथेटिक केसाळ कपडा, तो नुसता कॉलरला आणि अंगाला पुरे. खरं शिअरलिंग हा वेगळाच प्रकार, तिथे लोकर कातड्यालाच असते म्हणून अस्तर लागतच नाही, आणि वजन पण तसंच.

बाईकवाल्यांसाठी वेगळं. अंगात जाळीचं अस्तर घ्या म्हणजे चेन उघडल्यावर आत हवा जाते, आणि खांदे, कोपर, पाठ इथे प्रोटेक्टर बसतील असे खिसे अस्तरातच शिवून घ्या, नंतर ते करणं म्हणजे सगळं उसवणं. आणि जाळी लेदरला सगळीकडे नीट धरलेली हवी, नाहीतर हात घालताना बोटं तिच्यात अडकतात. पातळ कोकराचं लेदर आणि चकचकीत सॅटिन घेऊन हायवेला जाऊ नका, बाईकसाठी साधारण 1.2 मिमीच्या आसपासचं गायीचं लेदर बघतात. युरोपात रायडिंगच्या कपड्यांना ईएन 17092 हे स्टँडर्ड आहे, त्यात एएए, एए, ए असे संरक्षणाचे वर्ग असतात, एएए सगळ्यात वरचा. शिवून घेतलेलं जॅकेट जाड आहे म्हणून ते या टेस्टमधून गेलंय असं होत नाही, एवढं लक्षात असू द्या.

कापड सांगतात तेच आहे का हे कळायला एक सोपी युक्ती. सॅम्पलचे दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. व्हिस्कोस, क्युप्रो, सुती कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि शेवटी कडक गोळी उरते. अ‍ॅसिटेट पण वितळतं पण व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. दुसरी टेस्ट, सॅम्पल दोन्ही अंगठ्यांनी धरून आडवं ताणा आणि नखाने हलकं खरवडा, धागे सरकून फट दिसायला लागली तर ते कापड शिवणीपाशी उसवणार.

अस्तराचा रंग

इथे मजा करा, बिनधास्त. बाहेरून साधं काळं आणि आतून गर्द मरून किंवा मोरपंखी, चेन उघडी ठेवली की छान डोकावतं. पण तीन गोष्टी बघून. एक, गडद लाल, मरून, गडद निळी अस्तरं घामाने रंग सोडू शकतात आणि तुमचा पांढरा शर्ट बगलेत गुलाबी होतो, म्हणून सॅम्पलवर ओला पांढरा रुमाल जोरात घासून बघा, रुमालाला रंग आला की ते कापड बाद. दोन, क्रीम किंवा फिक्या रंगावर मानेचा मळ आणि घामाचे डाग लवकर दिसतात, आणि जॅकेट खुर्चीवर टाकलं की सगळ्यांना तेच दिसतं. तीन, एकदम काळं अस्तर असेल तर आतल्या खिशात काय आहे ते अंधारात अजिबात दिसत नाही, निदान खिशाच्या कडेला लेदरची किंवा वेगळ्या रंगाची पट्टी लावा.

मोठ्या प्रिंटचं अस्तर घेत असाल तर पाठीच्या मधोमध डिझाईन कसं येणार ते विचारा. पाठीत मध्ये चुणी ठेवलेली असते त्यात प्रिंट घडी पडून गिळलं जातं. ती चुणी मात्र काढायला सांगू नका हं, हात पुढे केला की पाठ ताणली जाते, लेदर थोडं ताणतं पण अस्तर ताणत नाही, त्या 2-3 सेंमीच्या चुणीमुळेच ते फाटत नाही.

आता लेदरचा रंग

रंगाच्या आधी लेदर कशाचं ते विचारा, कारण तोच रंग वेगवेगळ्या कातड्यावर वेगळा दिसतो. कोकराचं पातळ आणि मऊ, रंग एकसारखा आणि गुळगुळीत बसतो. बकरीचं दाणेदार, त्या दाण्यांमुळे रंगाला खोली येते आणि ओरखडे लपतात. गायीचं जाड, सुरुवातीला कडक. घोड्याचं चकचकीत आणि घट्ट, घड्यांच्या रेषा उठून दिसतात. स्वेडवर, म्हणजे मखमलीसारखा पृष्ठभाग असलेल्या लेदरवर, कुठलाही रंग मवाळ दिसतो, आणि पाण्याचे डाग पण सगळ्यात आधी तिथेच.

मग रंग चढवलाय कसा ते. अ‍ॅनिलिन म्हणजे डाय आत मुरवलेला, वर जवळजवळ काही थर नाही, त्यामुळे कातड्याच्या बारीक रेषा, छिद्रं सगळं दिसतं, सुंदर दिसतं, पण उन्हाने विटतं आणि थेंब पडला की डाग. पिगमेंटवालं म्हणजे वरून रंगाचा थर, एकसारखा, डाग पुसला जातो, पण ओरखडा खोल गेला की खालचा रंग दिसतो आणि हाताला जरा प्लॅस्टिकसारखं लागू शकतं. सेमी-अ‍ॅनिलिन या दोघांच्या मधलं, आणि रोजच्या वापराला बहुतेकांनी हेच घ्यावं असं माझं मत.

सॅम्पलचा तुकडा हातात आला की त्याची कापलेली कड बघा. जॅकेटचं बहुतेक लेदर क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं असतं आणि ते रंगवायच्या आधी निळसर असतं, त्यामुळे कडेला मधोमध निळसर राखाडी रेघ दिसली तर रंग आरपार गेलेला नाही. म्हणजे कोपर, कफ, खिशाच्या कडा घासल्या की तीच राखाडी दिसणार. याला अपवाद एक, काही लेदर मुद्दाम आतून ब्राऊन आणि वरून काळं करतात, त्याला टी-कोअर म्हणतात, झिजलं की काळ्यातून ब्राऊन डोकावतं आणि लोक त्यासाठीच ते घेतात. आवडत असेल तर जरूर घ्या, पण घेताना माहीत असलं पाहिजे.

तुकडा तळहाताएवढा तरी मागा. नखाएवढ्या तुकड्यावर जो रंग शांत वाटतो तोच अख्ख्या जॅकेटभर जास्त उजळ आणि भडक वाटतो, विशेषतः टॅन आणि लाल. म्हणून दोन शेड्समध्ये अडकला असाल तर एक पायरी गडद घ्या. आणि बघायचा कुठे, तर खिडकीपाशी दिवसा, मग घरातल्या पिवळ्या दिव्यात, मग संध्याकाळी बाहेर. स्क्रीनवर बघून फायनल करू नका, प्रत्येक फोनवर ब्राऊन वेगळा. मरून आणि ऑक्सब्लड (काळपट लाल) घेणाऱ्यांनी तर संध्याकाळी नक्कीच बघा, कारण कमी उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग आधी काळा पडताना दिसतो, चेक शास्त्रज्ञाच्या नावावरून याला पुर्किन्ये इफेक्ट म्हणतात, आणि मग हौसेने घेतलेलं ऑक्सब्लड रात्रीच्या जेवणाला चक्क काळं दिसतं. नेव्हीचंही दिव्याखाली असंच होतं, दिवसा सुंदर, रात्री लोक "काळं छान आहे" म्हणतात.

काळ्याबद्दल फार सांगायला नको. सगळ्यावर जातं, डाग लपवतं, दुरुस्ती सोपी, उन्हात मात्र तापतं. फक्त चमक ठरवा, मॅट की ग्लॉसी, कारण ग्लॉसी काळं स्वस्त दिसायला वेळ लागत नाही.

ब्राऊनमध्ये मात्र खरी निवड आहे आणि खरी गडबड पण. सील ब्राऊन म्हणजे जवळजवळ काळा, जुन्या फ्लाइट जॅकेटांवर असायचा तो, हा जवळपास काळ्याइतकाच सगळ्यावर जातो. चॉकलेटी हा निळ्या जीन्सबरोबर सगळ्यात सेफ. कोन्यॅक (तांबूस ब्राऊन) आणि टॅन (फिका पिवळसर ब्राऊन) फोटोत सगळ्यात सुंदर दिसतात म्हणून सगळ्यांना तेच हवे असतात, पण ते सगळ्यात जास्त बदलतात, मानेपाशी, कफला, खिशाच्या तोंडाशी अंगाच्या तेलाने गडद पडतात, उन्हाने कुठे फिके कुठे गडद होतात. कुणाला हा जुनेपणा आवडतो, कुणाला ते मळकट वाटतं. तुम्ही दुसऱ्या गटातले असाल तर टॅन नको, कितीही मोह झाला तरी. आणि हो, नवी गडद जीन्स फिक्या लेदरला निळी करते, जॅकेटची खालची कड आणि कफ बघता बघता निळसर होतात, आणि ते सहज निघत नाही. क्रीम आणि पांढऱ्याला तर याचा त्रास अजून जास्त.

ऑलिव्ह आणि राखाडी कमी लोक घेतात, पण ज्यांच्याकडे काळं आधीच आहे त्यांनी विचार करावा. भडक रंग, म्हणजे पिवळा, मोरपंखी वगैरे, दुसरं-तिसरं जॅकेट म्हणून घ्या, पहिलं नको.

निर्णय होतच नसेल तर कपाट उघडा आणि पँटी बघा. निळ्या जीन्स जास्त असतील तर ब्राऊन घराणं, काळ्या आणि राखाडी जास्त असतील तर काळा किंवा ऑक्सब्लड. शर्ट बदलत राहतात, पँटी त्याच त्याच घातल्या जातात.

लेदरवरही रुमाल टेस्ट कराच, आधी कोरडा पांढरा सुती रुमाल, मग ओला. कोरड्याला थोडासा रंग आला तर नव्या अ‍ॅनिलिनमध्ये चालून जातं, भसकन रंग उतरला तर कॉलरपाशी शर्ट आणि मान दोन्ही रंगणार.

रंगाबरोबर येणाऱ्या बाकीच्या गोष्टी

चेनचा कपडा, दोरा आणि मेटल, हे तिन्ही आधीच ठरवा, नाहीतर कारागीर जे हाताशी असेल ते लावतो आणि त्याचीही काही चूक नाही. काळ्यावर स्टीलसारखं निकेल कडक दिसतं, गनमेटल (गडद राखाडी) शांत, पितळी जरा जुन्या वळणाचं. ब्राऊनवर पितळी छान, चॉकलेटीवर काळं पडलेलं पितळ अजून छान. टॅनवर काळी चेन लावली तर समोर एक उभी काळी रेघ येते, हवी असेल तर घ्या. दोरा शक्यतो लेदरहून अर्धी शेड गडद. विरुद्ध रंगाची टीप घातलीत तर वाकडी गेलेली प्रत्येक टीप लांबून दिसते, तेव्हा शिलाईवर भरवसा असेल तरच.

अजून एक, कोकराच्या एका कातड्यात जॅकेट होत नाही, साधारण सहा-सात तरी लागतात आणि प्रत्येकावर रंग थोडा वेगळा चढतो. म्हणून समोरचे दोन्ही भाग एकाच कातड्यातून किंवा नीट जुळवलेल्या जोडीतून कापायला सांगा, दोन्ही बाह्यांचंही तेच. पाठीच्या खालच्या पट्टीत थोडा फरक आला तर कुणी बघत नाही.

ऑर्डर देताना

मापं द्यायला जाताना आत जे घालणार ते घालून जा, हुडीवर जॅकेट घालायचं असेल तर हुडी घालून. अस्तराची जाडी सांगा आणि ती धरूनच मापं घ्यायला लावा. मग एका कागदावर लिहून घ्या: लेदर कशाचं, किती मिमी, फिनिश काय, रंगाचं नाव नाही तर सॅम्पलचा तुकडा चिकटवून, कारण "डार्क ब्राऊन" म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं. अंगाचं अस्तर, बाहीचं अस्तर, खिशाची पिशवी, तिन्ही वेगवेगळ्या ओळीत. समोर चेनच्या आतल्या बाजूला लेदरची रुंद पट्टी हवी आणि मोबाईलचा खिसा त्या पट्टीवर येईल असा, नुसत्या अस्तराला लटकवलेल्या खिशात आजचे जड फोन ठेवले की अस्तर खाली ओघळतं. पाठीची चुणी, काखेचा तुकडा हेही लिहा, हे न लिहिता झालं तर आनंदच.

अस्तरात आतून एका बाजूला हाताने शिवलेली किंवा छोटी चेन लावलेली जागा ठेवायला सांगा, पुढे कधी आतून काही दुरुस्त करायचं असेल तर सगळं उसवावं लागत नाही.

ट्रायलला गेलात की नुसते आरशासमोर ताठ उभे राहू नका. दोन्ही हात पुढे करा, बाईकचं हँडल धरल्यासारखे, वर करा, खुर्चीत बसा, चेन पूर्ण लावून वाका. अस्तर कुठे ओढलं जात असेल तर कळतं, बाहीच्या टोकाला अस्तर बाहेर डोकावत असेल तर लगेच सांगा, ते नंतर आपोआप बसत नाही. हात पटकन घाला-काढा, पाच-सहा वेळा, अडकलं तर आत्ताच अडकेल. जॅकेट घेऊन निघताना उरलेला लेदरचा एक बरा तुकडा, अर्धा मीटर अस्तर आणि थोडा दोरा मागून घ्या, कारण त्याच शेडचा माल दोन वर्षांनी मिळेलच असं नाही. लेदरचा तुकडा मात्र बंद डब्यात ठेवू नका, कपाटात जॅकेटच्याच हँगरला अडकवून ठेवा, म्हणजे दोन्हीचा रंग निदान साधारण सारखाच बदलत जाईल.